चार मिनिटं म्हणजे चारच

४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी शेवंतीच आली. उत्तनवरून! आणि आम्ही आजी-नात मैदानापासून दोन गल्ल्यांवर राहून दुसऱ्या. लांबूनच ओरडली — "काय गो आजी, आज झोप लागली जनू!" नवऱ्याशी भांडून आली होती. तो म्हणतो, पलायचंच हाय तर इथं डोंगरीवर पल, भाईंदरला कशाला जातेस. ही म्हणाली, डोंगरीवर तुजी आयस दारात बसून माज्या फेऱ्या मोजते, मग सगल्या गावाला सांगते! शेवटी तोच स्कूटरवरून सोडून गेला. पंचेचाळीस वर्षांची बाई, इथून घरी जाऊन मासळीची पाटी उचलणार. मला फार आवडते.

मग आमचे कोच जितेंद्र सर आले. मग बाकीची पंधरा-वीस माणसं. मी माझी खुर्ची मांडली. स्वेटर, कानटोपी, गळ्यात शिट्टी, हातात सरांचं स्टॉपवॉच. मैदानाचा वॉचमन रोज म्हणतो, "माताजी, ड्यूटी पे?" मी म्हणते हां, ड्यूटी पे!

संघप्रियाचे आज सहा झाले. सगळे चारच्या आत.

५ नोव्हेंबर

काय सहा झाले ते लिहायचंच राहिलं. बोलण्यात माझं असं होतं आणि लिहिण्यात पण.

संघप्रिया माझी नात, चोवीस वर्षांची. जानेवारीत मॅरेथॉन पळणार. बेचाळीस किलोमीटर! त्यासाठी मंगळवारी इंटरवल. (आमच्या वेळी इंटरवलला लोक समोसे खायचे.) मैदानाला दोन फेऱ्या म्हणजे आठशे मीटर, त्या चार मिनिटांच्या आत जोरात मारायच्या. मग चार मिनिटं हळूहळू, रमतगमत. मी शिट्टी मारली की परत जोरात. असं दहा वेळा करता आलं तर बेचाळीस किलोमीटर निभतील असा सरांचा हिशोब.

ती सारखी मनगटाकडे बघायची म्हणून सरांनी तिचं घड्याळच काढून घेतलं. "डोकं घड्याळात अडकतं, पाय मोकळे राहत नाहीत." मी गुडघ्यांसाठी सकाळी चालायला जायचे, तर माझ्या हातात दिलं सगळं. वही पण. पुढच्या पानांवर आकडे, ते सर बघतात. मागच्या पानांवर मी हे लिहिते, ते कोणी बघत नाही. तिसरीपर्यंत शिकले मी. मग गावातली विहीर आटली, लांबून पाणी आणायला माणूस लागत होतं, ते मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सात. सहाव्यानंतर संघू अशी धापत होती, तोंड लाल, हात कमरेवर. स्टॉपवॉचमध्ये चार झाले. माझ्या तोंडात शिट्टी होती पण फुंकवेना. म्हटलं अजून दोन श्वास घेऊ दे लेकराला. मग अजून दोन.

पाच मिनिटं झाली असतील. मग फुंकली. सातवा कसा गेला! वाऱ्यासारखी! तीन मिनिटं पन्नास!

वहीत आराम ४ मिनिटं लिहिलं. एक मिनिटानं काय होतंय.

१३ नोव्हेंबर

शेवंतीनं सुके बोंबील दिले. सुलूनं, म्हणजे सुनेनं, कांदा घालून केले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दहा!!! दहाच्या दहा! शेवटचा तीन अठ्ठेचाळीस! सरांनी वही बघितली, मला म्हणाले, "आजी, तुमच्या हाताला यश आहे." मी इतकी फुगले की खुर्चीत मावेना.

घरी येताना संघू म्हणाली, "आज्जी, मला वाटतंय ह्या वेळेस जमेल."

आराम साडेपाच. शेवटी शेवटी सहा. वहीत चार.

२० नोव्हेंबर

मागच्या वर्षीचं लिहिते. तेहतिसाव्या किलोमीटरला ती रस्त्यावर बसली. उठलीच नाही. भूषण, माझा मुलगा, तिचा बाप, पुढं पस्तिसाव्याला केळी घेऊन उभा. पोरगी येईना. फोन लागेना. दोन तास तो माणूस गर्दीत उलटा चालत होता. सापडली तेव्हा अॅम्ब्युलन्सच्या पायरीवर, चांदीचा कागद पांघरून. तेव्हापासून मॅरेथॉन शब्द काढला की त्याचा चेहरा उतरतो. शुगरची गोळी पण तेव्हापासूनच सुरू झाली असं तो म्हणतो. (जिलेबीचं नाव घेत नाही!)

पंचवीस तारखेला सर स्वतः वेळ लावणार. दहा झाले तर बेचाळीस. नाही झाले तर अर्धीच, एकवीस. भूषणनं सरांकडून हा शब्द घेतलाय. संघूनं पण हो म्हटलंय. दहा होतातच की तिचे!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सातव्याला थांबली. लाइनीच्या अलीकडे, गुडघ्यावर हात. मग खाली बसली.

सरांनी चार म्हणजे चार मिनिटांनी शिट्टी मारली. प्रत्येक वेळी. मी बघत होते. पाचव्यालाच कळलं मला.

"सर, मागच्या मंगळवारी दहा केले मी. हीच वेळ, हाच आराम. आज काय झालं?" असं रडत विचारत होती. सर म्हणाले, होतं कधी कधी. शेवंतीनं पाठ चोळली — "रडतेस कशाला गो, जीव थोडीच गेला."

मी खुर्ची मिटली. काही बोलले नाही.

२६ नोव्हेंबर

अजून बोलले नाही. भाजी करपली.

३० नोव्हेंबर, रविवार

सर आणि शेवंती घरी आले. भूषणनंच बोलावलं होतं, एकदा काय ते ठरवून टाकायला. सुलूनं पोहे केले. भूषण म्हणाला, "ठरल्याप्रमाणे. अर्धी पळ, हसत घरी ये." संघू मान खाली घालून शेंगदाणे बाजूला काढत बसली. तिला शेंगदाणे आवडतात.

मग मी आत जाऊन वही आणली. उभ्यानंच सांगितलं. चार लिहिलंय तिथं पाच होते. इथं साडेपाच. इथं सहा. पोरगी धापत होती, माझ्याच्यानं शिट्टी फुंकवली नाही. तिची चूक नाही, माझी आहे.

मग शेवंती फिसकन हसली — "आजी! तरी मी म्हनते, पोरगी सातव्याला पडली कशी!" सर हसले नाहीत. म्हणाले, "अंगाला सहा मिनिटांची सवय लागली, आजी. खरी ताकद कळलीच नाही आपल्याला." भूषण माझ्याकडे बघत होता. "माय, दहावीला मला पाचला उठव म्हणायचो. तू सहाला उठवायचीस. घड्याळ मागं करून ठेवायचीस तू."

झोपलेलं लेकरू उठवावं कसं? तेव्हा पण नाही जमलं.

संघू सगळ्यात शेवटी बोलली. "म्हणजे तुला पण वाटतं मला झेपणार नाही. पप्पांसारखंच." आणि दार लावून घेतलं.

मला तसं वाटलं नव्हतं. की वाटलं होतं? बसून विचार करतेय.

सरांनी एक मुदत वाढवून घेतली. तेवीस डिसेंबरला परत दहा लावायचे. भूषण हो पण म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. शेवंती जाताना माझ्या कानात — "तू काय काळजी करू नको. पोरगी तुजीच हाय."

२ डिसेंबर, मंगळवार

ती एकटीच गेली. शिट्टी, स्टॉपवॉच घेऊन. माझी खुर्ची दाराशी तशीच मिटलेली.

दुपारी भाजीला मैदानावरून गेले तर वॉचमननं विचारलं, "माताजी, छुट्टी?"

६ डिसेंबर, शनिवार

दादरला गेलो, चैत्यभूमीला. दरवर्षी जातो. आमच्या सीतारामनं (संघूचा आजोबा, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता) एक वर्ष चुकवलं नाही, म्हणून मी पण चुकवत नाही. रांग मोठी. तीन तासांनी माझे गुडघे बोलायला लागले. म्हटलं जरा टेकते कडेला.

संघूनं दंड धरला. आठवड्यात पहिल्यांदा धड बोलली. "बसू नकोस आज्जी. बसलीस तर उठणं जड जाईल. तो खांब दिसतो ना, तिथपर्यंत. मग उभ्यानंच वीस श्वास. मग पुढचा खांब."

अशा किती खांबांनी नेलं मला!

मग मी तिला पाण्याचं सांगितलं. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. वाटेत लिंबाची पाच झाडं. प्रत्येक झाडाखाली आई थांबू द्यायची, पण किती? कमरेवरचा हंडा ह्या कुशीवरून त्या कुशीवर घेईपर्यंत. बस! जास्त थांबलं की मान आखडायची आणि पुढचं झाड दिसेनासं व्हायचं. मी रडायचे, आईला दुष्ट म्हणायचे. पण पाणी घरी यायचं, सांडायचं नाही.

संघू म्हणाली, "मग तुला सगळं माहीत होतं की!"

"हंड्याखाली होते तेव्हा माहीत होतं गं. खुर्चीवर बसून विसरले."

ती हसली! मग म्हणाली, "आज्जी, पहिले तीन पायांनी होतात. दहाव्याला माहीत असतं संपणार. सातवा वाईट. सातव्याला डोकं सारखं म्हणतं, थांब, कोण बघतंय. तिथं सोबत कोणीच नसतं." मागच्या वर्षी पण तेहतिसाव्याला असंच झालं म्हणे. पाय दुखले नव्हते. एकटी पडली होती.

पर्समधून शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. तिथंच, रांगेत. "तूच धर. पण चार म्हणजे चार. मला पळायला शिकायचंय, तुला शिट्टी मारायला."

९ डिसेंबर, मंगळवार

चार म्हणजे चार. फार अवघड!

सहाव्यानंतर ती पांढरी पडली होती. मी स्टॉपवॉच बघतेय. तीन पन्नास. तीन पंचावन्न. स्वतःला म्हटलं, वैजयंता, कुशी बदलून झाली, उचल. डोळे मिटले आणि फुंकली. इतकी जोरात की शेवंती दचकली — "आजी, मेले ना मी!"

आठ झाले. सातवा चार मिनिटं अकरा, आठवा चार नऊ. जसं आलं तसं लिहिलं. वही वाईट दिसते पण हातात धरायला हलकी वाटते.

१६ डिसेंबर, मंगळवार

नऊ. सातवा चार शून्य दोन. ह्या वेळेस डोळे न मिटता फुंकली.

भूषण घरी आला, लिफ्ट बंद. तीन जिने चढून सोफ्यावर पडला, बोलवेना त्याला. पाणी दिलं. मग म्हटलं, संघूचा सातवा राहिलाय. म्हणाला, म्हणजे काय? मी त्याला सगळं सांगितलं — सातव्याला सोबत कोणी नसतं ते. तेहतिसाव्याचं पण. त्यानं ग्लास खाली ठेवला. "मी पस्तिसाव्याला उभा होतो, माय." एवढंच.

२३ डिसेंबर, मंगळवार

आधी कोण आलं? मीच! शेवंती दुसरी! तिला सांगितलं, झोप लागली जनू!

स्टॉपवॉच सरांकडे, शिट्टी मात्र माझ्याकडे राहू दिली. सरांनी बोट वर केलं की मी फुंकायची. एकदा पण मागं-पुढं नाही केलं.

सहा झाले. सगळे चारच्या आत, पण सहावा कसाबसा. संघू हळूहळू फिरतेय, खांदे पडलेले, ओठ हलतायत. मला ते ओठ ओळखू येतात. थांब, कोण बघतंय.

आणि गेटमधून भूषण! ऑफिसचे कपडे, बूट, गळ्यात आयकार्ड! आठ चौदाची गाडी सोडून आला होता. मला बघितलं पण नाही. सरांचं बोट वर गेलं, मी फुंकली, आणि तो तिच्या बाजूला पळायला लागला. आयकार्ड इकडून तिकडे उडतंय, बूट टपाटप! संघू ओरडली, "पप्पा, काय करताय!" तो ओरडला, "तू पुढं बघ!"

अर्धी फेरी पळाला. तेवढीच. मग माझ्या खुर्चीत येऊन पडला, घामाघूम. आता तिकडं बघू की इकडं! सर पाणी घेऊन धावले, नाडी बघितली. ठीक होता. पण तोपर्यंत संघू पुढं निघून गेली होती, एकटी, खांदे वर. तीन अठ्ठावन्न!

आठ. नऊ. दहावा तीन एकावन्न.

मी रडले, शेवंती रडली, वॉचमन टाळ्या वाजवत होता. भूषण खुर्चीतून उठला नाही, बसूनच म्हणाला, "बेचाळीस पळ. मी तेहतिसाव्याला उभा राहीन."

२८ डिसेंबर, रविवार

सर आणि शेवंती जेवायला आले होते. मटण झालं, वड्या झाल्या. येत्या रविवारी, चार तारखेला, पहाटे साडेपाचला परत येतो म्हणाले. संघूसाठी नाही — भूषणला घ्यायला! डॉक्टरनं हो म्हटलंय. दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं. शिट्टी माझ्याकडेच. घड्याळ आजच बरोबर लावून ठेवलंय, पाचला उठवणार. पोटचा पोरगा असला तरी दोन म्हणजे दोनच!