सहावं स्थान

दहिसर,
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. एथेल हीस,
ग्रेगरीचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू कट करतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र निदान कट करता येत नाही. काल राखेचा बुधवार झाला. इथल्या फादरांनी कपाळावर राख लावली, उपवासकाळ सुरू झाला, आणि मी ठरवलं की ईस्टरपर्यंत मासळीला हात लावायचा नाही. टिना हसली. लोक मटण सोडतात आणि पप्पांचं काहीतरी भलतंच, असं तिचं म्हणणं. आता मनोरीत जन्मलेल्या माणसानं मटण सोडलं तर त्यात कसला त्याग, तूच सांग. बाकी तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. लेकीच्या सतराव्या मजल्यावरून नदी दिसते, पण खाडीचा वास काही येत नाही.

मुद्द्याचं लिहितो. मनोरीच्या फादरांचा फोन होता. यंदा शुभ शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला बाबांचं गाणं पुन्हा व्हावं, अशी गावाची इच्छा आहे म्हणे. गेली दोन वर्षं स्पीकरवर काहीतरी लावतात आणि लोक मुक्याने चालतात. वाटेवर थांबायच्या चौदा स्थानांची चौदा कडवी बाबांनी कधी कागदावर उतरवली नाहीत. विषम स्थानं मला शिकवली, सम तुला. माझी सात मला अजून झोपेतसुद्धा येतात. तुझी सात तू लिहून पाठव. तुला उन्हातान्हात चालण्याचा त्रास नको, मी एकटाच चौदा म्हणेन.

आणि तीन वर्षांपूर्वी जे झालं ते आता सोड. पाचवं स्थान संपवून मी चुकून एकदम सातव्यावर गेलो, तुझं सहावं राहिलं. वय झालं गं, विसरलो. एवढ्यासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकायचं? उपवासकाळ आहे, माणसानं क्षमा करायला शिकावं.

भाचा मेलरॉय यास आशीर्वाद. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझा,
ग्रेगरीदादा


मनोरी,
बुधवार, १२ मार्च २०२५

ग्रेगरीदादा,

मायन्यात 'ती.' लिहायला मी विसरले नाही. लिहिलंच नाही.

मासळी सोडलीस म्हणे. झकास. पण माणसं खायची कधी सोडणार? आणि वर मलाच क्षमा शिकवतोस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तुला विसर पडला असेल तर मी आठवण करून देते. करोनानंतरची पहिली क्रुसाची वाट. चारशे माणसं. सहावं स्थान माझ्या दारातल्या क्रुसापाशी, दरवर्षीसारखंच. आईच्या लुगड्याचा पांढरा तुकडा धुऊन, इस्त्री करून, दोन्ही हातांवर धरून मी उभी. वेरोनिका गर्दीतून पुढे येऊन येशूचं तोंड पुसते, ते कडवं माझं. तू पाचवं संपवलंस, माझ्याकडे बघितलंस, नीट बघितलंस, आणि सातवं सुरू केलंस. माणसं तुझ्यामागून चालू लागली. मी कापड हातावर घेऊन तिथेच. शेजारच्या रुक्मिणीनं येऊन माझे हात खाली केले, नाहीतर संध्याकाळपर्यंत तशीच राहिले असते. ती बिचारी देवळात जाणारी, आपल्या चर्चची नाही, पण तिला कळलं. माझ्या भावाला नाही कळलं.

विसरला असतास ना, तर त्याच दुपारी तुला पेज वाढली असती आणि वर्षभर चिडवलं असतं. पण तू विसरला नव्हतास, दादा. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. मे महिन्यात चंबूगबाळं उचलून लेकीकडे पळालास तो का, तेही तुला ठाऊक आहे.

कडवी लिहून पाठवणार नाही. बाबांनी गाणं दोन तोंडांत ठेवलं. एका तोंडात मावत असतं तर त्यांनीच ठेवलं असतं.

लोभाचं तुझ्या पुढच्या पत्रावर ठरेल.

एथेल


दहिसर,
सोमवार, २४ मार्च २०२५

ती. एथेलआत्या हिला,
टिनाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, फोनच केला असता, पण वन बीएचकेमध्ये गुपित बोलायची सोय नाही. पप्पा आठ पावलांवर बसलेले असतात. हॉस्पिटलातल्या नर्सिंग स्टेशनवरून लिहितेय, डाग दिसला तर चहाचा समज.

तू पत्रात काय लिहिलंस मला माहीत नाही. पप्पांनी ते बायबलमध्ये ठेवलंय आणि रोज काढून वाचतात. दोन दिवस ते जेवलेच नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी मी बोंबील तळले, म्हटलं वासानं तरी उठतील. उठले, आणि बाल्कनीत जाऊन दार लावून बसले. बाल्कनीतून गाण्याचा आवाज येतो. पाचवं कडवं म्हणतात, थांबतात, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पाचवं. सातवं म्हणतच नाहीत. खालच्या मजल्यावरचे श्यामकांतकाका विचारत होते, तुमच्याकडे टेप अडकलीय का.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. रांगेत नंबर आला तसे मागे फिरले. काल पुन्हा गेले, पुन्हा मागे. मी विचारलं तर म्हणाले, आत जायला तोंड नाही. आत्या, माझा बाप भांडखोर आहे, हट्टी आहे, पण घाबरलेला मी त्यांना पहिल्यांदाच बघतेय. तुम्हा दोघांचं काय ते तुम्ही बघा. पण ह्या वेळेला गाणं झालं नाही तर ते पुन्हा कधीच होणार नाही, असं मला वाटतं. पप्पा एकाहत्तर, तू अडुसष्ट.

मेलरॉयला सांग, सुकट पाठवली ती संपली. माया आहेच, कळव.

तुझी,
टिना


दहिसर,
मंगळवार, १ एप्रिल २०२५

एथेल हीस,
सा. न. वि. वि.

मायना चुकलेला नाही. थोरल्यानं धाकटीला आशीर्वाद लिहायचे असतात हे मला माहीत आहे. आज तारीखही एक एप्रिल आहे, पण ही थट्टा नाही. नमस्कारच आहे.

मी विसरलो नव्हतो.

त्या सकाळी प्रार्थनेच्या शेवटी फादर म्हणाले होते की एथेलताईंचं सहावं स्थान ऐकायला वसईहून माणसं आली आहेत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चाळीस वर्षं मी पुढे चालतो, उन्हात, अनवाणी, आणि माणसं तुझ्यासाठी आली. पाचवं म्हणत होतो तेव्हा एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळे तुझ्या दाराकडे वळलेले, मोबाइल वर करून. तू कापड उचललंस तशी मी तोंड उघडलं आणि सातवं बाहेर काढलं. ठरवून. तुझ्या डोळ्यांत बघून. येशूच्या मरणाच्या दिवशी, त्याच्या क्रुसापाशी उभं राहून, मी बहिणीचा मत्सर केला. मग गावानं विचारलं तेव्हा वय झालं म्हणून सांगितलं. सगळ्यांनी कीव केली. ती कीवही मी गोड मानून घेतली, लाज नाही वाटली मला.

हे परवा इथल्या फादरांना सांगितलं. तिसऱ्या खेपेला आत शिरलो. मला वाटलं, पाच नमो मारिया म्हणायला सांगतील, सुटेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, क्षमेची प्रार्थना म्हटली, आणि सांगितलं की तुम्ही जिचं कडवं गिळलंत ती मनोरीत आहे, तिला लिहा, हेच तुमचं प्रायश्चित्त. मी म्हटलं, मी मासळी सोडली आहे. तर ते म्हणाले की मासळीनं तुमचं काय वाईट केलं होतं?

कडवी पाठवू नकोस. तुझी आहेत, तुझ्यापाशीच असू दे. मला गाणं नको, पहिलं नाव नको. तू शुभ शुक्रवारी एकटीनं तुझी सात म्हण. मी मागे, शेवटच्या रांगेत चालेन, चालायला दिलंस तर.

एथेल, मला क्षमा कर. हे लिहायला तीन वर्षं आणि चार कागद लागले.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा भाऊ,
ग्रेगरी


मनोरी,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

ती. ग्रेगरीदादा यास,
एथेलचा सा. न. वि. वि.

तुझा नमस्कार ह्या पत्रासोबत परत पाठवला आहे. ठेवून घेण्याएवढी मी मोठी नाही, आणि का नाही ते पुढे वाच.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं आणि इतकी रडले की रुक्मिणीला वाटलं तूच गेलास. तिला म्हटलं, गेला नाही गं, आला.

आता माझं ऐक. मेलरॉयनं मला दोनदा विचारलं, आई, तुझी कडवी मला शिकव. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मनात काय होतं सांगू? गाणं माझ्याबरोबर मातीत जाऊ दे, मग गावाला कळेल ग्रेगरीनं काय घालवलं. बाबांचं गाणं मारायला निघाले होते मी, तुला हरवायला. दोन वर्षं लोक मुक्याने चालले, आणि मला दारात उभं राहून बरं वाटत होतं. तू एक कडवं गिळलंस, दादा. मी सात गिळली. शनिवारी मीही पापनिवेदनाला जाऊन आले.

आणखी एक, तुला कधी सांगितलं नाही ते. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी विचारलं होतं, सम-विषम असं का वाटलंत? ते म्हणाले, चौथं, सहावं, आठवं बघ. आई मारिया, वेरोनिका, यरुशलेमच्या बाया. धीर धरून पुढे येणाऱ्या बायांची सगळी स्थानं पोरीला दिली. आणि तिसरं, सातवं, नववं बघ. येशू तीनदा पडतो, ती तिन्ही ग्रेगरीला. पोरगा मानी आहे, त्याला पडून उठायचं तेवढं शिकायला लागेल. मी हे इतकी वर्षं सांगितलं नाही, तुला राग येईल म्हणून. आता येणार नाही.

शेवटची रांग वगैरे काही नाही. विषम स्थानं मला येत नाहीत आणि शिकायची इच्छाही नाही. पुढे चालायचं, अनवाणी, बाबांसारखं. मात्र एक अट आहे. मला कागदावर सांगितलंस ते मला पुरलं, पण मी चारशे माणसांत उभी होते. जिथे केलंस तिथेच सांग, सहाव्या स्थानी, त्यांच्यासमोर. जमणार नसेल तर मी कापड घडी करून घरात जाईन, रागावणार नाही, पण गाणार नाही.

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी मार्व्याच्या जेट्टीवर मेलरॉय थांबेल. गुडघ्यांना लावायचं तेल आण.

लोभ होता, आहे, आता भांडून वाढवू.

तुझी धाकटी,
एथेल


मनोरी,
ईस्टर रविवार, २० एप्रिल २०२५

चि. टिना हीस,
एथेलआत्याचे अनेक आशीर्वाद. हॅपी ईस्टर!

तुझी ड्युटी कोणी बदलून दिली नाही ना? त्या मेट्रनला माझ्याकडे पाठव एकदा. असो. तुझा बाप सुखरूप आहे. आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून बाटली मसाल्यातल्या सुरमईचा चौथा तुकडा खातोय आणि काटे मोजायला मला सांगतोय.

शुक्रवारी काय झालं ते ऐक. पहिलं स्थान त्यानं म्हटलं तेव्हा आवाज कापत होता. दुसरं मी. तिसऱ्यापासून सूर लागला, माणसं जमत गेली, गल्ल्या भरल्या. पाचवं म्हणत तो माझ्या दारापर्यंत आला. मी कापड हातांवर घेतलं. पाचवं संपलं आणि तो घाम पुसतोय, खाली बघतोय. मला वाटलं, गेलं, वाट लागली, ह्याच्यानं होत नाही.

मग त्यानं खांद्यावरचा क्रूस दारातल्या क्रुसाच्या पायरीला टेकवला आणि लोकांकडे तोंड केलं. माईक बाजूला सारला. म्हणाला की तीन वर्षांपूर्वी इथे मी विसरलो नव्हतो, मत्सरानं माझ्या बहिणीचं कडवं गाळलं आणि तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो, तुम्ही मला क्षमा करा. मग माझ्याकडे वळला आणि लहानपणी मला म्हणायचा तसं म्हणाला की एथू, म्हण, तुझी पाळी.

मी सुरू केलं.

घाम पुशिते, रगत पुशिते, पदर माझा जुना,
मुखडा तुझा उमटू दे त्यात, मागू आनिक कुना.

असा आवाज मला वयाच्या विसाव्या वर्षीसुद्धा लागला नव्हता. आणि मग सातवं त्याचं.

दुसऱ्यांदा पडला स्वामी, माती लागली तोंडा,
उठला तरी सोडिला नाही खांद्यावरचा ओंडा.

पडायच्या स्थानी गुडघे टेकायचे असतात, तुला माहीत आहे. तिसऱ्याला कसाबसा टेकून उठला होता. सातव्याला टेकला आणि त्याला उठता येईना. मेलरॉय धावला, मी त्याला हातानं थांबवलं. आईच्या लुगड्याचा तो तुकडा मी पुढे केला, एक टोक माझ्याकडे, एक तुझ्या बापाकडे. त्यानं धरला, मी ओढला, आणि उठला बाई माझा भाऊ! क्रूस खांद्यावर घेऊन उठला. बाया हुंदके देत होत्या आणि मी मात्र हसत होते, शुभ शुक्रवारी, भर मिरवणुकीत.

नवव्या स्थानी त्याचा आवाज बसला. पहिला शब्द निघाला आणि पुढे नुसती हवा. मला ते कडवं येत नाही, मी काय करणार? तेवढ्यात मागून कोणीतरी उचललं. मग दुसऱ्यानं, मग अख्ख्या गल्लीनं. चारशे माणसं, टिना, शब्द न् शब्द बरोबर. वाटेवरच्या एका ओट्यावर उभी राहून रुक्मिणीही म्हणत होती, डोक्यावर पदर घेऊन. चौदाव्या स्थानापर्यंत कोणी थांबलं नाही. समुद्रावर पोचलो तेव्हा माझं सम आणि त्याचं विषम राहिलंच नव्हतं, सगळं गावाचं झालं होतं.

परत येताना मी रुक्मिणीवर खेकसले. म्हटलं, सगळ्यांना येत होतं तर दोन वर्षं मुक्याने कशाला चाललात? म्हणायचं होतं की! तर ती म्हणाली की क्रुसाची वाट तुम्हा भावाबहिणीची, तुम्ही नसताना आम्ही कशी म्हणणार? आम्ही तुमची वाट बघत होतो.

बाप तुझा इतक्यात परत येणार नाही. मेलरॉयला विषम शिकवायला बसलाय, आणि पडायची तिन्ही आधी शिक म्हणतोय. सम तुझ्यासाठी ठेवली आहेत. पुढच्या वर्षीची रजा आजच मागून ठेव.

लोभ इथे उतू जातोय, डबा घेऊन ये.

तुझी,
एथेलआत्या

ता. क. टिना, आत्याच्या पत्रात दोन ओळी माझ्या. प्रभू उठला. त्याच्या मागोमाग मीही उठलो. गुडघ्याचं तेल दहिसरलाच राहिलंय. हे मात्र खरंच विसरलो. पप्पा.