माघारी न येणारं काम

आबा, परवा घराला रंग देताना तुम्ही माझ्या लग्नात केलेला सागवानी पलंग सरकवावा लागला. दोन रंगाऱ्यांना तो उचलेना. "बाई, एक खिळा न्हाय हो ह्याला! कुणी केलाय?" मी म्हणाले, "वडिलांनी. कामाला लागा."

बारामतीच्या दुकानात लेथवर पलंगाचा खूर फिरत असायचा, तुमच्या भुवया भुशानं पांढऱ्या, आणि तुम्ही मला विश्वकर्म्याची गोष्ट सांगायचात. लेकीला नवऱ्याचं, म्हणजे सूर्याचं, तेज सोसेना, तर त्यानं जावयालाच लेथवर चढवून तासलं. "द्येव झाला म्हणून काय? कारागिरापुढं समदं लाकूडच." एकदा पणदऱ्याचा एक जण डुगडुगणारी खुर्ची घेऊन आला. तुम्ही मानही वर केली नाही. "माझ्या हातचं काम माघारी येत न्हाय." "अवो आबा, तुमीच दिलीया की!" "मग बसायला शिका." सगळे हसले. मीही हसले.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी इंदापूरच्या सासरहून बॅग घेऊन त्याच दुकानाच्या दारात उभी राहिले. गालावरचा वळ पदराआड होता, पण लाकडातली केसाएवढी चीर तुम्हाला दिसायची. स्थळ तुम्हीच पारखून आणलेलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, हातातला रंधा खाली न ठेवता म्हणालात, "माझ्या हातचं काम माघारी येत न्हाय." मी दुपारच्या एसटीनं परत गेले. पुढं कधीतरी ती गोष्ट मी पुराणात वाचली. विश्वकर्म्यानंही लेकीला आधी 'नवऱ्याकडे जा' म्हणूनच सांगितलं होतं. तेवढं तुम्ही गाळलंत.

तुमचं शेवटचं वर्ष. तुम्ही न कळवता इंदापूरला येता, खांद्याला हत्यारांची पिशवी, तीन पायऱ्या चढून धाप लागलेली. घरात मी एकटीच आहे. फरशीकडे बघत विचारता, "पलंग हलतोय का गं? कायतरी नीट करायचं ऱ्हायलं आसंल तर सांग." तुमच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकते, आणि कशाबद्दल विचारताय तेही मला कळतं. तरी म्हणते, "तुमच्या हातचं काम आहे, आबा. त्याला काय होतंय?" चहा अर्धा ठेवून तुम्ही उठता. पिशवी उघडलीच नाही. चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

परवा पलंग सरकवला, तेव्हा डोक्याकडच्या खुराखालून पुठ्ठ्याची घडी निघाली. तुमच्या दुकानातून परतले, त्याच आठवड्यात मी ती घातली होती. आता तिचा पार भुगा झालाय. तुम्हाला लिहिलेला हा कागद चौपदरी दुमडून तिथं सरकवते. पलंग तेव्हाही हलत होता, आबा.