मंडळाच्या मेसेजचा उपयोग

मिल्टन कीन्स, इंग्लंड

अध्यक्ष मिलिंदकाका,

आम्ही पाच आदिवासी विद्यार्थी दर शनिवारी माझ्या खोलीवर जमतो. भात शिजवतो, ज्याला बोलायचंय तो बोलतो, बाकीचे ऐकतात. काउन्सेलरकडे नंबर लागेपर्यंत आम्हाला एकमेकांचाच आधार.

हे तुमच्या मराठी मंडळाला कळलं आणि तुमचा मेसेज आला: 'दिवाळीच्या कार्यक्रमात पानं नेसून नाच करा, मन मोकळं होईल. पानं प्लॅस्टिकची मागवू.' काय तुमची अक्कल!

आमचा विष्णू तीन आठवडे कुणाशी बोलत नव्हता. त्याला तुमचा मेसेज वाचून दाखवला. ठसका लागेपर्यंत हसला, मग ढसाढसा रडला आणि जेवायला बसला.

म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुम्ही सुधारलात तर आमची पंचाईत होईल.

तुमच्या पुढच्या मेसेजची वाट बघणारी,
पूर्वी मडावी