पालथं ठेवायचं पुस्तक

गुरुवार, दुपार

प्रिय वहिनी,

तुझे गुडघे काय म्हणतात? दादाचा नवा चष्मा सापडला, की अजून जुन्याच चष्म्यातून पेपरवर चिडतोय? इकडे मी ठणठणीत आहे. घाईने लिहायचं कारण एवढंच, की येत्या रविवारी आमची पुस्तकांची बैठक बहुधा होणार नाही. हेडबाईंना सर्दी झालीय. तेव्हा तू उगीच बसचे धक्के खात येऊ नकोस. पुढे बघू कधीतरी.

मागच्या रविवारी मात्र बैठक रंगली. आमची रीत तुला सांगितली आहेच. आठवड्यात जे पुस्तक हाती लागलं असेल ते टेबलावर ठेवायचं आणि त्याबद्दल चार शब्द बोलायचे. विकत घेतलेलं उताणं ठेवायचं, मागून आणलेलं पालथं. उताणं पुस्तक कोणीही आठवडाभर घरी नेऊ शकतो. पालथ्याला कोणी हात लावायचा नाही, कारण ते दुसऱ्याच्या विश्वासावर आलेलं असतं. हेडबाईंनी प्रवासवर्णनांचा अख्खा संच मांडला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांवर ताण केली. शिंपीकाकांनी लायब्ररीतून भुताच्या गोष्टी आणल्या होत्या. वाचल्यापासून ते मोरीतही एकटे जात नाहीत, असं त्यांच्या बायकोनेच सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी बागकामाचं एक जाडजूड पुस्तक घेतलंय. त्यांच्याकडे साधी कुंडीसुद्धा नाही!

तुझं पुस्तक नीट आहे. काळजी करू नकोस.

नीट आहे म्हणजे, आता माझ्याकडे आहे. मधे नव्हतं. वहिनी, मी हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय, आणि तरी बघ, पुन्हा तेच चाललंय. हेडबाईंना सर्दी-बिर्दी काही नाही. त्या धडधाकट आहेत. बैठक होणार आहे.

आता जे झालं ते सांगते. त्या आठवड्यात माझ्याकडे मांडायला काहीच नव्हतं. आधीचे काही रविवारही मी लायब्ररीचीच पुस्तकं पालथी ठेवून भागवले होते. हेडबाई हसून म्हणाल्या होत्या, "तुमचं कायम पालथंच!" ते मला लागलं. म्हणून तुझी ती जुनी कादंबरी, आता कुठेच न मिळणारी, मी टेबलावर उताणी ठेवली. देताना तू म्हणाली होतीस, "वन्सं, एवढं कोणाच्या हाती देऊ नका हं, त्यात माझं पेन्सिलीचं काहीबाही आहे." मला ते पक्कं आठवत होतं. तरी ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडली. "हे समासात कोणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "कोण जाणे. रद्दीच्या दुकानात मिळाली."

हे तोंडातून इतकं सहज निघालं, की माझं मलाच नवल वाटलं. मग ते वाचायला लागले. कादंबरीतली बाई रडते तिथे तू लिहिलंयस, 'ही उघड रडते. मी नळ सोडून रडते.' सगळे हसले. शिंपीकाका म्हणाले, "पाण्याचा केवढा अपव्यय!" त्यावर सगळ्यात मोठ्याने मी हसले. वहिनी, आपल्या घरात आई ओरडायची, तू पाणी फार वाया घालवतेस म्हणून. मीही मोरीचं दार वाजवून ओरडायचे, नळ बंद कर. ते सगळं मला हसता हसताच आठवलं, आणि तरी मी हसायची थांबले नाही.

मग त्यांनी पुढचं पान वाचलं. 'आज वन्सं आपणहून माझ्याजवळ येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. पण बसल्या.'

"बघा बिचारीचं," हेडबाई म्हणाल्या, "नणंद नुसती बसली त्याचंही कौतुक!"

मी खाली बघत राहिले. मला तो दिवस आठवतसुद्धा नाही.

डॉक्टर पुस्तक घरी घेऊन गेले. उताणं होतं, मी कुठल्या तोंडाने अडवणार? मंगळवारी त्यांच्या दवाखान्यात गेले, तर धीर होईना. दाढ दुखते म्हणून सरळ खुर्चीत बसले. मी आ वासलेली, आणि ते माझ्या तोंडात आरसा घालून सांगतायत, "ती नळवाली बाई मला फार आवडलीय. रविवारी शेवटची पानं सगळ्यांना वाचून दाखवतो." तुझं नावच पडलंय तिथे, नळवाली. दाढेला काही झालेलं नव्हतं. तशीच घरी आले.

इतकी वर्षं मागे लागल्यावर तू ह्या रविवारी यायला कबूल झाली होतीस. आणि तू तिथे बसून हे ऐकलं असतंस! पुस्तक परत आलं तरी त्या नळवालीची थट्टा तिथे निघालीच असती, म्हणून ते सर्दीचं खोटं.

आज सकाळी पुन्हा गेले. ह्या वेळी खुर्चीत बसले नाही. दारातच सांगितलं की ती नळवाली माझी वहिनी आहे, वन्सं मी आहे, आणि रद्दीचं दुकान खोटं आहे. डॉक्टरांनी खणातून पुस्तक काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुस्तक ह्या पत्राबरोबरच पाठवतेय. रविवारी मी रिकाम्या हाताने जाणार आणि सगळ्यांसमोर हेच सांगणार. तुझं नाव नको म्हणालीस तर घेणार नाही. माझं मात्र घेईन.

तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आलीस, तर माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवते. माझ्याशी काही बोलू नकोस हवं तर. नुसती बस.

तुझी,
वन्सं