पुढची फळी

लोणावळा,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप वन्सं,

वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली अर्धीच वाकते, उरलेला धरून घ्या). तुमची साखर ताब्यात आहे ना? फोनवर यांचा विषय निघाला की आपण दोघी रडतो आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

यांची नाव पूर्ण झाली. लाकूडकाम करून, वर फायबरचं कापड चढवून हे गेले. घासणं आणि व्हार्निश तेवढं माझ्यासाठी ठेवलं. (पडवीतल्या त्या वस्तूला तुम्ही 'दिगूचं पिंप' म्हणायचात, मी विसरले नाही.) पॉलिशपेपर हातात घेतला तो कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेल्या भरतकामाच्या भांडवलावर. फायबरची धूळ म्हणजे निव्वळ खाजकुयली. यांचा रेनकोट घालून, तोंडाला ओढणी गुंडाळून बसायचे. कुरिअरवाला फाटकातूनच परत गेला. जोर लावला की खालचं कापड उघडं पडतं, म्हणून हात हलकेच फिरवायचा. शेवटच्या आजारपणात यांच्या पाठीवरून फिरवायचे, तसा. दुपार कधी सरायची कळायचं नाही.

व्हार्निशचा शेवटचा हात दिला नेमका खंडेनवमीला. मी आंघोळीला गेले, तेवढ्यात कान्हे गावाहून आमच्या कामाला येणारी सविता घरातल्या हत्यारांबरोबर नावेचीही पूजा करून मोकळी झाली. ओल्या व्हार्निशवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळं चिकटलं. मी रागावले, तर म्हणाली, "भाऊंनी केल्याली नाव, हळदकुकवाबिगर पान्यात घालता व्हय?" वाळल्यावर पाकळ्या, अक्षता घासून काढल्या. कुंकवापाशी हात थांबला. राहू दिलं.

परवा टेम्पोतून पवनेच्या पाण्यावर नेली. पुढच्या फळीवर हे बसणार, मागे मी, असं यांनी मापानंच केलेलं. मी माझ्या जागी बसले मात्र, नावेचं नाक आभाळाकडे. काठावरचे हौशीराम आबा शांतपणे म्हणाले, "म्होरं मानूस न्हाई, मग ती वर बघनारच." त्यांनीच पुढे इंद्रायणी तांदळाचं पोतं ठेवलं. नाव सरळ झाली, छान चालली. तेव्हा काळजी नसावी.

तुमची,
रजनी

ता. क. वन्सं, तुमचं वजन किती आहे? (रागावू नका. 'ताईचं आणि माझं वजन सारखंच' असं हे तुम्हाला चिडवायचे. ते खरं असलं तर फार बरं होईल.)

आणखी एक. पोत्याची तक्रार नाही. पण थोडं आत गेल्यावर ते मागे वळून 'घाबरलीस का गं?' असं विचारत नाही. याल ना?