कपाटाच्या दाराची जखम

कृष्णानगर, हैदराबाद
२० जून २०१४

प्रिय वहिनी,

सुट्टी संपून तुझी शाळा उघडली असेल, म्हणून पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. तुझा फोन दादा उचलतो, मेसेजही तोच वाचतो. हे त्याच्या हाती पडलं तर निस्तरायला तुला लागेल, तेव्हा वाचलंस की फाडून टाक.

मेकअपच्या शाळेत शिकवतात तरी काय, असं तू विचारलं होतंस. नवऱ्या सजवून झाल्या, आता जखमा चालू आहेत. मेण, चिकट द्रव, आणि रक्त म्हणजे साखरेच्या पाकात लाल रंग. परवा मनगटावर सुरीचा वार केला आणि तशीच खोलीवर आले, तर मुंग्या लागल्या. आमच्या घरमालकीण विठाबाई "अव्वा!" म्हणून किंचाळल्या आणि हळदीचा डबा घेऊन धावल्या. खोटं आहे कळल्यावर अर्धा तास शिव्या खाल्ल्या. जित्या अंगावर असले धंदे नक्को म्हणे. बाई तोंडाळ आहे, पण दाराला कडी भक्कम आहे आणि कुणाला भीत नाही.

आमचे अंबाजी मास्तर तीस वर्षं सिनेमात लोकांना मार खाल्लेले करतात. त्यांचा एकच नियम. ब्रश हातात घ्यायच्या आधी सांगायचं, कशाने लागलं, कोणत्या बाजूने, किती दिवस झाले. न सांगता रंग लावला तर सरळ पुसून टाकतात. मला आधी हा मास्तरांचा शहाणपणा वाटायचा.

चौदा एप्रिल आठवतोय ना? विहारात जायचं होतं, तू पांढरी साडी नेसून आरशापुढे बसलेली आणि डाव्या गालाचं हाड काळंनिळं, मधे एक बारीक चौकोनी वळ. कपाटाचं दार लागलं म्हणालीस. आई म्हणाली, चतुरा, लाव गं काहीतरी, लोक काय म्हणतील. मी निळ्यावर आधी नारिंगी लावलं, वर तुझ्या रंगाचं फाउंडेशन. विहारात जमलेल्या गौलीगुड्यातल्या बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. मी तर खूश! आईने माझं कौतुक केलं, तू खाली मान घालून हसलीस. त्या हसण्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या सोमवारी परीक्षा होती. मनानं एक जखम करायची. मला तुझाच गाल पाठ होता, तोच केला, तिसऱ्या दिवसाचा जांभळा, मधे तो बारीक चौकोनी वळ. कारण लिहिलं, कपाटाचं दार. मास्तरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, जखम पास, गोष्ट नापास. दाराची कड लांब रेघ उठवते. हा समोरून आलेला उजवा हात आहे, बोटात चौकोनी अंगठी आहे. पोरं हसली. मी पण हसले, वहिनी, आणि मग तो चौकोन ओळखला. दादाच्या बढतीला सुलतान बाजारातून ती अंगठी मीच आणली होती.

आई म्हणेल, त्याच्या डोक्याला ताप आहे. राज्य वाटून झालं, आता सरकारी नोकर वाटताहेत, आंध्रात पाठवतात की इथंच ठेवतात याची धास्ती. मीही चार दिवस तेच घोकलं. माझा भाऊ आहे तो, सायकलवर पुढे बसवून मला शाळेत सोडायचा. पण राज्य वाटलं म्हणून सचिवालयातल्या सगळ्यांच्या बायका कपाटांवर आपटत नाहीत.

तर पत्र यासाठी. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे. विठाबाईंना सगळं सांगितलंय, त्यांनी दुसरी चावी काढून दिली, ती या पाकिटात आहे. ठाण्यात जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर मी सोबत येईन आणि मारणाऱ्याची सख्खी बहीण म्हणून तक्रारीवर सही करीन. चौदा एप्रिलला मी झाकलं, त्याची मला लाज वाटते. शनिवारी शाळा सुटली की घरी न जाता थेट इकडं ये. आणि नवा वळ असेल तर येताना तोंडाला काही लावू नकोस.

तुझीच,
चतुरा