दहा पावलांनंतर

सोमवार, ३ मार्च

भाचीचा, ताईच्या लेकीचा, हात मोडला. डावा, कोपराच्या वर. सहा आठवडे प्लास्टर.

काल दुपारी, आमच्याच अंगणात, माझ्या घोडीवरून पडली. "उधळली का गं?" ताईने विचारलं. मी "हो" म्हणाले.

आज घोडीला घासायला गेले. खरारा दोनदा हातातून पडला. घोडी (आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो, तोराच तसा आहे) मान वळवून बघत होती. मला बघवेना.

मंगळवार, ४ मार्च

लिहूनच टाकते. इथे तरी!

बाईसाहेबांना एक खोड आहे. खोगीर चढवलं की पोट फुगवून उभ्या राहतात. म्हणून तंग – पोटाखालून जाणारा पट्टा – आधी तिसऱ्या भोकात अडकवायचा, दहा पावलं चालवायचं, तिने श्वास सोडला की पाचव्यात आवळायचा. सहा वर्षं रोज करतेय. परवा दहा पावलं चालवलं आणि ताईला सांगत बसले, "अगं, गरीब गाय आहे नुसती!" ताई फोटोसाठी फोन आणायला आत गेली, मी भाचीला वर बसवलं. पाचवं भोक राहिलं.

खोगीर फिरलं, पोर खाली. घोडी जागची हललीसुद्धा नाही! ताई बाहेर येऊन पोरीकडे धावली, मी घोडीकडे. पोटाखाली लोंबणारं खोगीर आधी सोडवलं. मग म्हणाले, उधळली.

बुधवार, ५ मार्च

नालबंद आला होता. मागच्या पायाची नाल सैल झाली होती. बाईसाहेबांनी सगळा भार त्याच्या पाठीवर टाकून चक्क डुलकी काढली. "उधळणारी ती हीच का?" तो हसत होता. मग म्हणाला, "वहिनी, एकदा तसं नाव पडलं की कोणी बसायला घेत नाही. वजनावर जातात अशा, कसायाकडे."

जेवताना हे म्हणाले, "शनिवारी व्यापारी येतोय तिला बघायला. पोरीच्या जिवावर बेतलं होतं. विषय संपला." सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर भाजीत मीठ बरोबर आहे का!

गुरुवार, ६ मार्च

फाटकाशी कुठलीही गाडी थांबली की व्यापारी आजच आला की काय म्हणून खिडकीशी धावते. आज एकदा दूधवाला, एकदा टपालवाला.

शुक्रवार, ७ मार्च

ठरवून ताईकडे गेले. जिन्यात तीनदा पाठ केलं. भाची माझ्याकडे बघेचना, भिंतीकडे तोंड करून पडली होती. "औषधांनी बरळतेय," ताई म्हणाली. "काहीबाही बोलते. चांगली रागावले मी." सफरचंदं टेबलावर ठेवली आणि पळ काढला. भित्री भागूबाई!

घरी घोडीने माझा खिसा हुंगला. तिच्या वाटचं सफरचंदही मी तिकडेच ठेवून आले होते. गळ्यात पडून रडले. ती उभी राहिली निमूट.

शनिवार, ८ मार्च

ताई मुद्दाम आली, घोडी जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. व्यापारी घाईत होता. त्याने खोगीर चढवलं, हिने पोट फुगवलं. त्याने तिसऱ्या भोकात तंग अडकवला आणि रिकिबीत पाय घातला.

"थांबा!" माझाच आवाज! "दहा पावलं चालवा तिला. मग अजून दोन भोकं आवळा. नाहीतर खोगीर फिरतं."

हे माझ्याकडे वळले. "मग त्या दिवशी?"

"राहिलं. माझ्याकडून राहिलं. ती उधळली नव्हती."

ताई फाटक उघडं टाकून निघून गेली. व्यापाऱ्याला ह्यांनी परत पाठवलं. घोडी राहिली. भीती काही गेली नाही, आता ताईची वाटते.

रविवार, ९ मार्च

ताईचा फोन. वाटलं, ओरडेल. अगदी हळू बोलली. "पोरीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं गं, खोगीर फिरलं म्हणून. मी म्हटलं, मावशी कशाला खोटं बोलेल? आणि तिलाच खोटारडी ठरवलं."